जी३, एमपी५ आणि रोलरची यंत्रणा: नागपुरात बसून संग्रह कसा करावा?

रोलरवाला
नमस्कार मंडळी. धागा बंदुकांवर आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. खरेदी, परवाना, "कुठे मिळेल" यातलं काहीही मला नको आहे. मला यंत्र आवडतं. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवतो. जी३ रायफल आणि एमपी५ सबमशीनगन या जर्मन हत्यारांच्या बोल्टइतकी (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता तुकडा) देखणी यंत्रणा मला तरी दुसरी सापडलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोळी सुटली की पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं आवरण, तितक्याच जोराने मागे ढकलते. तो धक्का नुसत्या बोल्टच्या वजनावर आणि स्प्रिंगवर झेलायचा, तर पिस्तुलाच्या ९ मिमी काडतुसाला जमून जातं. ७.६२ मिमी रायफलीच्या काडतुसाला तसं करायला गेलो, तर बोल्ट इतका जड होईल की रायफल उचलवणार नाही. म्हणून जी३च्या बोल्टच्या डोक्यात दोन्ही बाजूंना एकेक रोलर बसवला आहे. मागून पाचरीसारखा एक तुकडा, लॉकिंग पीस, त्यांना बाहेर दाबून धरतो आणि रोलर बॅरलमागच्या ठोकळ्यातल्या तिरप्या खाचांत बसतात. धक्क्याने डोकं मागे येऊ लागलं की खाचांचा उतार रोलरना आत दाबतो आणि आत येणारे रोलर पाचरीला मागे फेकतात. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की सटकतो, तसंच. डोकं एक मिमी सरकेपर्यंत पाचर आणि तिला जोडलेला जड कॅरियर साधारण चार मिमी मागे गेलेला असतो. तेवढ्या वेळात गोळी नळीबाहेर पडते आणि दाब बराचसा उतरतो. गॅसची नळी नाही, पिस्टन नाही, फिरणारा बोल्ट नाही.

माझ्या संग्रहात जुने कॅटलॉग, सूचनापुस्तिका, छेदचित्रं आणि छोटी मॉडेलं आहेत. आता या यंत्रणेचं चालतं छेद-मॉडेल करायचं मनात आहे. नमुना जी३चा घेऊ, एमपी५चा, की थेट एमजी४२ या जुन्या जर्मन मशीनगनचा? कायद्याने काही अडचण आहे का? आणि नागपुरात असा नाद असलेलं आणखी कोणी आहे का?

तर्रीपोहा
वाचून राहिलो भाऊ. कळलं निम्मं, आवडलं पूर्ण. चिंचोक्याचा प्रयोग आत्ताच केला, तो थेट शेजारच्या काकूंच्या अंगणात.

वकील_सदर
कायद्याचं सविस्तर लिहितो, कारण या विषयात लोक अर्धवट माहितीवर फार धाडस करतात.

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे सलग गोळ्या झाडणारं स्वयंचलित शस्त्र "प्रतिबंधित" गटात येतं. कलम ७ नुसार केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय ते जवळ बाळगता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची कैद आहे. असं शस्त्र बनवलं तर किमान १० वर्षं, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. त्याच दुरुस्तीने साध्या परवान्यावरच्या शस्त्रांची मर्यादाही माणशी ३ वरून २ केली.

आता बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट. कायद्यातल्या "शस्त्र" या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात. परदेशात जी३चा बोल्ट टेबलावर शोभेला ठेवलेला दिसतो. तो बॅगेत घालून इकडे आणला, तर ते सुटे लोखंड धरलं जात नाही. पुंगळ्या, मॅगझिन यांच्याही नादी लागू नका. खिशात राहिलेल्या एका काडतुसावरून विमानतळावर गुन्हे दाखल होतात आणि पुढे जाणीवपूर्वक ताबा होता की नव्हता हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.

पण त्याच व्याख्येत असंही आहे की जे खेळण्यापलीकडे वापरता येत नाही आणि ज्याचं वापरण्याजोग्या शस्त्रात रूपांतर करता येत नाही, ते शस्त्र नव्हे. मॉडेल या चौकटीत राहिलं पाहिजे, आणि पाहणाऱ्या हवालदाराला ते पहिल्या नजरेतच कळलं पाहिजे.

मुळशीकर
मग एअरसॉफ्टच्या (प्लास्टिकच्या छऱ्यांच्या खेळातल्या) एमपी५ प्रतिकृती? त्या तर सर्रास दिसतात. त्यांना रेल (दिवे-दुर्बीण बसवायची पट्टी) लावा, स्टॉक (दस्ता) बदला, हवं तसं सजवा. संग्रहाचा संग्रह आणि कस्टमायझेशनची हौसही भागते.

वकील_सदर
@मुळशीकर, सर्रास दिसतात म्हणून नियमात बसतात असं नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये एअरगन आणि हुबेहूब प्रतिकृती दोन्हींचा विचार केलेला आहे. कस्टममध्ये अडकलेल्या मालासाठी माझ्याकडे येणारे लोक आधी मागवतात आणि मग विचारतात. आधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा, मगच पैसे द्या.

कामठीकर
रोलरवाला सर, मी फौजेतून निवृत्त. आमची अख्खी उमर एसएलआर रायफलीवर गेली. इशापूरला बनलेली १ए१, तिचं भारतीय रूप. तिच्यात गॅस आहे, पिस्टन आहे, बोल्टची शेपटी खाली झुकून अडकते. दणकट चीज. धूळ, चिखल, वाळू, सगळीकडे चालवली.

रोलरवाली हत्यारं मी एनएसजीच्या जवानांच्या हातात पाहिली, एमपी५. फरक पहिल्यांदा जाणवतो तो आमच्या ९ मिमी कार्बाइनशी तुलना केल्यावर. कार्बाइनचा बोल्ट मागे थांबलेला असतो. ट्रिगर दाबला की तो जड ठोकळा पुढे धावतो, आपटतो आणि मग फायर होतो. त्या आपटण्यानेच नेम हलतो. एमपी५चा बोल्ट आधीच बंद असतो. ट्रिगर दाबल्यावर आत फक्त हॅमर हलतो. ओलीस माणसाच्या खांद्यावरून गोळी काढायची असेल तर हा फरक जीव वाचवणारा आहे. म्हणून हे हत्यार जगभरच्या कमांडो पथकांनी घेतलं.

नेकारकाठ
मी मूळचा धरमपेठचा, सध्या जर्मनीत. कामठीकर काकांच्या मुद्द्याला इतिहास जोडतो. १८ ऑक्टोबर १९७७ ला मोगादिशूच्या विमानतळावर जीएसजी ९ या जर्मन कमांडो पथकाने लुफ्तान्साचं अपहृत विमान सोडवलं, तेव्हा एमपी५ होती. ५ मे १९८० ला लंडनच्या इराणी वकिलातीत एसएएस हे ब्रिटिश कमांडो पथक घुसलं, ते टीव्हीवर थेट दिसलं आणि काळ्या कपड्यांतल्या माणसांच्या हातातलं ते हत्यार जगाने पाहिलं. आपली एनएसजी १९८४ ची, म्हणजे त्याच लाटेतली.

ओबेर्नडोर्फ हे गाव माझ्यापासून रेल्वेने फार लांब नाही. नेकार नदीच्या दरीतलं लहानसं गाव. मौझरचा कारखाना इथलाच, आणि १९४९ मध्ये मौझरच्याच माजी माणसांनी हेकलर अँड कोख काढली तीही इथेच. गावात शस्त्रांचं संग्रहालय आहे. पण यंत्रणेची वंशावळ बघायची तर कोब्लेंझला लष्करी तंत्राचा अभ्याससंग्रह आहे, तिथे जावं. एमजी४२ पासून पुढची सगळी भावंडं एका छपराखाली सापडतात.

रोलरवाला
@वकील_सदर, मनापासून आभार. माझ्या डोक्यात मॉडेल दुप्पट आकाराचंच आहे: सागवान, पितळ आणि पारदर्शक अॅक्रिलिक. नळीला आरपार भोक नसेल. खरं माप कुठेच नाही, त्यामुळे खरा भाग त्यात बसणारही नाही.

@नेकारकाठ, वंशावळीचं थोडं सविस्तर लिहा ना. स्पेनचा संबंध कसा आला, हे पोरांना सांगायचं आहे.

नेकारकाठ
जरूर. गोष्ट खरोखर रंजक आहे.

एमजी४२ ही मशीनगन जर्मनीतल्या डोबेल्नच्या ग्रॉसफुस कंपनीत वेर्नर ग्रुनरने आकाराला आणली. ही कंपनी शस्त्रांची नव्हतीच, पत्र्याच्या वस्तू बनवायची. म्हणूनच ती बंदूक पत्रा दाबून बनवायचं त्यांना सुचलं. तिच्यातही रोलर आहेत, पण काम वेगळं. तिथे रोलर बोल्टला पक्कं कुलूप लावतात. बॅरल स्वतः थोडी मागे सरकते, तेव्हा बाजूचे उतार रोलरना आत ढकलतात आणि कुलूप उघडतं. मिनिटाला सुमारे १२०० गोळ्यांचा वेग.

मौझरने तेच रोलर घेऊन गेरेट ०६ नावाची रायफल केली, त्यात गॅस पिस्टन होता. चाचण्यांत बोल्ट आपटून उसळायचा. तिथले गणिती डॉ. कार्ल मायर यांनी हिशेब मांडला, आणि असं दिसलं की कोन नीट निवडले तर पुंगळीचा दाबच रोलर उघडू शकतो, तेही योग्य उशिरा. मग पिस्टन काढून टाकला. तीच पुढे एसटीजी ४५ (एम). युद्ध संपलं आणि ती नमुन्यांच्या पुढे गेली नाही.

इंजिनिअर मात्र जिवंत होते. लुडविग फोरग्रिमलर आधी फ्रान्ससाठी मुलूझला काम करत होता, मग १९५० मध्ये माद्रिदला सेतमे या सरकारी संस्थेत गेला. तिथे सेतमे रायफल जन्मली. पश्चिम जर्मनीला खरं तर बेल्जियमची एफएएल रायफल हवी होती, पण ती स्वतः बनवण्याचा परवाना मिळेना. म्हणून जर्मनीने स्पेनकडून सेतमे घेतली, हेकलर अँड कोखने ती सुधारली आणि १९५९ मध्ये जी३ म्हणून स्वीकारली गेली. म्हणजे ओबेर्नडोर्फची कल्पना फ्रान्स आणि स्पेन फिरून पुन्हा ओबेर्नडोर्फलाच आली. बेल्जियमने परवाना दिला असता, तर कदाचित आज हा धागा नसता.

कामठीकर
आणि तीच एफएएल आपल्याकडे एसएलआर झाली! जर्मनीला जी पाहिजे होती ती मी खांद्यावर वागवली. शेजारी पाकिस्तानात वाहच्या कारखान्यात जी३ बनते. सीमेच्या दोन बाजूंना एकच ७.६२ काडतूस आणि दोन घराणी.

वैनगंगा
सगळे फार आत्मीयतेने लिहीत आहात, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. माझा भाऊ गडचिरोलीत पोलीस दलात आहे. तो जंगलात असतो तेव्हा आई रात्री फोन उशाशी घेऊन झोपते. हत्यार आमच्या घरात कौतुकाचा विषय नाही. त्याला स्टॉक बदला, रंग द्या, रेल लावा, हे वाचून पोटात कालवतं. ज्यांच्या हाती खरं हत्यार आहे त्यांना त्याची हौस नसते. संग्रहच करायचा तर दुसरं काही नाही का?

मुळशीकर
ताई, तलवारी जमवणाऱ्यांना आपण इतिहासप्रेमी म्हणतो. तीनशे वर्षांनी जी३ही तिथेच जाईल.

वैनगंगा
तीनशे वर्षांनी जाईल, दादा. आज ती कोणाच्या तरी छातीवर रोखलेली आहे.

हिंगणा_टूलरूम
वैनगंगाताईंचं म्हणणं मला पटतं, आणि तरी रोलरवाला सरांच्या बाजूनेही लिहावंसं वाटतं. माझं काम डाय आणि पंचचं. एमआयडीसीत प्रेसखाली पत्रा कसा वागतो हे बघण्यातच जन्म चालला. जी३चं अंग म्हणजे दाबलेला आणि वेल्ड केलेला पत्रा. त्याला खऱ्या अर्थाने पेलायचं आहे तो फक्त पुढचा ठोकळा, जिथे रोलर टेकतात. सगळा मार तिथे. बाकी पत्र्याने केवळ दिशा द्यायची. अचूक माप जिथे लागतं तिथेच महाग मशिनिंग आणि उरलेलं सगळं प्रेसवर. हा विचार मी रोज गिऱ्हाइकाला समजावतो आणि गिऱ्हाईक सगळ्याच मापांवर दोन शतांश मिमीचा टॉलरन्स लिहून आणतं.

हे पोरांना शिकवण्यासारखं आहे. बंदूक म्हणून नका शिकवू, पण शिकवाच.

रोलरवाला
ताई, तुमच्या घरची काळजी मला समजते. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करतात, त्यांच्या आयांचे चेहरे मी पाहतो. म्हणूनच खऱ्या मापाची, काळी, हुबेहूब दिसणारी वस्तू मला करायची नाही. दस्ता नाही, ट्रिगर नाही, नळीही नावापुरती. हाताने ढकलायचा बोल्ट आणि आत सरकणारे रोलर, एवढंच. सजावटीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे.

फिलामेंट
थ्रीडी प्रिंट का नाही? नेटवर या भागांच्या फायली

*[मजकूर संपादित: कोणत्याही शस्त्रभागाच्या फायली, मापं किंवा दुवे या धाग्यावर देऊ नयेत. – संपादक मंडळ]*

फिलामेंट
ठीक आहे, कळलं. मी फक्त दुप्पट आकाराच्या प्लास्टिकच्या पाचरीबद्दल बोलत होतो. तुमचं चित्र द्या, मी शून्यापासून काढून देतो.

जुनी_पानं
मी सीताबर्डीच्या रद्दीवाल्यांकडून सूचनापुस्तिका जमवते, शिलाई मशीनपासून रणगाड्यांपर्यंत. रोलरवाल्या रायफलींचे परदेशी संग्राहक काय बघतात हे त्यांच्या छापील याद्यांतून मला कळलं, ते लिहिते. यात एकही वस्तू विकत घ्यावी लागत नाही.

हेकलर अँड कोखच्या भागांवर वर्ष अक्षरांत ठोकलेलं असतं. ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं आयपर्यंत ८, मग जे सोडून के म्हणजे ९. मॅगझिनवर आयएच दिसलं तर १९८७. जर्मनीतल्या उल्म शहराच्या तपासणीघराचा शिक्का म्हणजे हरणाचं शिंग. एमपी५ची सुरुवातीची मॅगझिनं सरळ होती, १९७०च्या दशकाच्या शेवटी ती वाकडी झाली. त्यामुळे जुन्या छायाचित्राचा काळ मॅगझिनवरून ओळखता येतो. निवडकळीवर (एकेक की सलग गोळ्या, हे ठरवणारी कळ) एस-ई-एफ अक्षरं असतील तर जुनी घडण, लाल गोळ्यांची चित्रं असतील तर नंतरची. जी३ला आधी लाकडी दस्ता होता, मग हिरवं-काळं प्लास्टिक आलं. तीच रायफल नॉर्वेत एजी३, स्वीडनमध्ये एके४, आणि प्रत्येक देशाने दस्ता नाहीतर दुर्बिणीची बैठक आपल्या हवामानाला बेतून बदलली.

तिकडे दोन तट आहेत. एकांना प्रत्येक स्क्रू त्याच सालचा हवा. दुसरे नवे स्टॉक, रेल, दिवे लावून आपल्या मनाजोगी करतात. माझं मत पहिल्यांच्या बाजूने. सालाचा पुरावा पुसला की वस्तू मुकी होते. अमेरिकेत मे १९८६ नंतर नोंदलेली स्वयंचलित शस्त्रं नागरिकांना घेता येत नाहीत आणि १९८९ मध्ये तिथे लष्करी घडणीच्या सेमी-ऑटो रायफलींची आयात अडवली गेली. म्हणून तिकडे जुन्या अस्सल तुकड्यांच्या किमती चढत्या राहिल्या.

तर्रीपोहा
म्हणजे जर्मन मॅगझिनची पत्रिका आपल्या लग्नाच्या पत्रिकेपेक्षा सोपी. ए म्हणजे शून्य, पुढे गुण जुळवायची गरज नाही.

नेकारकाठ
@जुनी_पानं, उत्तम. एक भर घालतो. इथले जाणकार संग्राहक बोल्टचं डोकं आणि कॅरियर यांच्यातली फट पत्तीमापाने मोजतात. रोलर झिजले की ती फट कमी होते, म्हणजे आतल्या झिजेचा अंदाज बाहेरून येतो. सजवलेली रायफल विकत घेणारे ती फट बघत नाहीत, दिव्यांचा ब्रँड बघतात. खरी पारख तिथे कळते.

कामठीकर
बात बरोबर आहे. आमचे उस्ताद हत्याराची सफाई बघायचे, चमक नाही.

नागपुरात बघायचं म्हणाल तर २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सीताबर्डी किल्ला लोकांसाठी उघडतो. १८१७ ची लढाई जिथे झाली ती टेकडी. रोलर नाही मिळणार तिथे, पण पोरांना घेऊन जा. आणि अजब बंगल्यात जुनी हत्यारं आहेत. तोडेदार बंदुकीपासून सुरुवात करा, मग पोरांना कळेल की पुंगळी मागे ढकलते हा प्रश्न पुंगळी आल्यावरच जन्मला.

वैनगंगा
कामठीकर काका, हे आवडलं. भावाला धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, "सरांना सांग, मॉडेलमध्ये घाण कुठे साचते ते पण दाखवा. आम्हाला तेच शिकायला लागतं."

रोलरवाला
ताई, भावाला माझा नमस्कार सांगा. मुद्दा अगदी नेमका आहे. या यंत्रणेत दाब पूर्ण उतरायच्या आधीच पुंगळी मागे निघते. ती चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, चिकटून फाटू नये म्हणून आतल्या भिंतीवर लांब खोबणी कोरलेल्या असतात, जी३मध्ये १२. त्यांतून वायू पुंगळीच्या बाहेरून वाहतो आणि पुंगळी त्यावर तरंगत निघते. म्हणून झाडलेल्या पुंगळीवर काळ्या रेघा उमटतात. काजळीही तिथेच बसते. मॉडेलमध्ये चेंबरचा अर्धा भाग उघडा ठेवून खोबणी रंगाने दाखवीन.

आता मूळ प्रश्न उरला: कोणता नमुना? माझा कल जी३कडे. एमपी५मध्ये तीच रचना छोट्या मापात आहे आणि एमजी४२ला सरकती बॅरल करावी लागेल.

हिंगणा_टूलरूम
जी३च करा. पितळी रोलर मी लेथवर काढून देतो, पैसे नकोत. बल्लारशाकडचं जुनं मुरलेलं सागवान असेल तर बघा, नवं लाकूड पावसाळ्यात फुगेल आणि बोल्ट अडकेल. सरकत्या जागांना अॅक्रिलिकची पट्टी लावा.

पण लॉकिंग पीस एकच करू नका. बदलता येईल असा करा, वेगवेगळ्या उताराचे तीन. खऱ्या यंत्रणेतही काडतूस आणि नळी बदलली की लॉकिंग पीसचा कोन बदलतात. पहिल्या उताराला बोल्ट भसकन मागे येईल. दुसऱ्याला जोर लागेल आणि कॅरियर डोक्यापेक्षा वेगाने मागे पळताना पोरांना हाताला जाणवेल. तिसरा इतका सपाट ठेवा की घर्षणच जिंकेल आणि कितीही ढकललं तरी रोलर आत येणार नाहीत.

नेकारकाठ
वा! तिसरा कोन म्हणजे एमजी४२चं कुलूप, ते उघडायला बाहेरून कोणीतरी रोलर दाबावे लागतात. आणि दुसरा म्हणजे मायर यांच्या हिशेबातली जागा. एकाच मॉडेलवर दोन्ही बंदुका झाल्या.

रोलरवाला
ठरलं. तीन लॉकिंग पीस, तीन रंगांचे. @फिलामेंट, उद्या चित्र पाठवतो, पाचरी तुम्ही छापा. @हिंगणा_टूलरूम, रोलरना दोन्ही टोकांना बारीक चॅम्फर (तिरकी कड) लागेल, नाहीतर सागवानाची खाच फाटेल. शनिवारी शॉपवर आलो तर चालेल का?

हिंगणा_टूलरूम
शनिवारी लाइट नसते, रविवारी सकाळी या. सागवानाचा तुकडा सोबत आणा, खाच आधी त्यावर कापून बघू.